३१ ऑक्टोबर १९८४ : आपल्या गावाने पाळलेला दुखवटा

धागाकर्ता : गिरणाकाठ

माझ्या गावाने इंदिरा गांधींचे दहावे घातले होते, हे मी गेल्या महिन्यात घरी सांगितले तेव्हा माझ्या मुलांना ते खरे वाटले नाही. पंतप्रधान गेल्यावर झेंडे अर्ध्यावर उतरवतात, सुट्टी जाहीर होते, फार तर शोकसभा होते. पण नदीवर पिंड ठेवून कावळ्याची वाट कोण पाहील, असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नामुळे हा धागा काढतो आहे. ते दहा-तेरा दिवस आपापल्या गावात, वस्तीत, चाळीत कसे गेले हे ज्यांना आठवते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. हत्येमागची कारणे, सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई आणि पंजाबचे राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला गावांनी केलेला शोक नोंदवून ठेवायचा आहे, कारण तो ज्यांनी केला ती माणसे आता थोडी उरली आहेत.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्यापासून दोन कोस आत आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले होते, त्यामुळे बुधवार असूनही शाळेला सुट्टी होती आणि आम्ही सगळी मुले खळ्यावर होतो. बाजरीची मळणी चालली होती. वडिलांचा मर्फीचा रेडिओ बाभळीच्या फांदीला टांगलेला असे. दिल्लीत सकाळी साडेनवाच्या आधीच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, पण आमच्यापर्यंत आधी पोहोचली ती बातमी नव्हे, तर सारंगी. गाणी मध्येच थांबली, सारंगी लागली, आणि ती काही केल्या थांबेना. मधूनमधून हल्ला झाल्याचे, पंतप्रधान जखमी असल्याचे सांगत, आणि पुन्हा सारंगी. मळणीवरच्या एका म्हाताऱ्या गड्याने हातातले सूप खाली ठेवले आणि म्हटले, “एवढा वेळ वाजतंय म्हणजे बाई गेली. हे लोक सांगत नाहीत अजून.” आकाशवाणीने ते संध्याकाळी सहाला सांगितले. त्याच्या कितीतरी आधी वडिलांनी तिवड्याभोवती फिरणारे बैल सोडून दिले होते आणि अर्धी मळणी झालेली बाजरी तशीच खळ्यावर पडली होती.

त्या रात्री आमच्या आळीत एकही चूल पेटली नाही. तसा कोणी निरोप फिरवला नव्हता. ज्या घरी माणूस जाते त्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठले-भाकरी घेऊन येतात, ही आमच्याकडची रीत. त्या रात्री सगळ्यांच्याच घरी सुतक होते, मग भाकरी आणायची कोणी? आजीने सकाळच्या भाकरीचे तुकडे करून त्यावर तिखट-मीठ घालून आम्हा पोरांपुढे ठेवले आणि स्वतः गूळसुद्धा तोंडात घातला नाही.

आजी इंदिराबाईंना का रडली, हे मला मोठेपणी थोडेसे समजले. १९७२च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात असे आणि तेथे मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी आणत असे. ती कामे आणि पुढे १९७७ साली झालेला रोजगार हमीचा कायदा ही महाराष्ट्र राज्याची कामगिरी होती, हे मी तिला शाळेच्या पुस्तकातून एकदा वाचून दाखवले होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “असंल. पण आम्हाला बाईनं जगवलं.” तिच्या लेखी सरकार म्हणजे एक डोक्यावर पदर घेतलेली बाई होती, आणि ती बाई गेली होती.

दहाव्याचा दिवस ९ नोव्हेंबरला आला. त्याआधी दोन दिवस पारावर वाद चालला होता. मुलगा हयात असताना दुसऱ्याने पाणी कसे द्यावे, हा गुरवाचा आक्षेप होता आणि तो कोणी उडवून लावला नाही. शेवटी असे ठरले की कोणा एकाने कर्ता व्हायचे नाही, गावाने गाव म्हणून बसायचे. अकरा जणांनी मुंडण केले. नाभिकाने एकाकडूनही पैसा घेतला नाही. पिंड ठेवले, सगळे मागे सरले, आणि बराच वेळ कावळा शिवेना. नदीकाठी दोन-तीनशे माणसे होती आणि आवाज फक्त पाण्याचा होता. मग पोलीसपाटील, जे स्वतः कधीही काँग्रेसचे नव्हते, पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “बाई, तुझ्या लेकाला आम्ही एकटा पडू देणार नाही.” त्यानंतर कावळा आला. पुढच्याच महिन्यात झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत काँग्रेसला ४०४ जागा मिळाल्या, त्याला लोक सहानुभूतीची लाट म्हणतात. तो शब्द ऐकला की मला नेहमी ती नदी आठवते.

आता जे लिहायचे आहे ते मला आजवर कोणाला सांगता आले नव्हते. फाट्यावर एका सरदारजींचा ढाबा होता. ते दहा-बारा वर्षांपासून तेथे होते, आमच्या गावचे दूध त्यांच्याकडे जात असे आणि ते आमच्याशी मराठीतच बोलत. मारेकरी बाईंचे शीख अंगरक्षक होते हे कळल्यापासून ढाबा बंद होता. त्यांना कोणी इजा केली नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. पण दहाव्याच्या दिवशी ते तांदळाचे एक पोते सायकलवर घालून नदीवर आले, मारुतीच्या देवळाच्या पायरीशी ते उतरवून ठेवले आणि लांब, उतारावर, हात जोडून उभे राहिले. सगळ्यांनी त्यांना पाहिले. “पुढे या,” असे एकानेही म्हटले नाही, माझ्या वडिलांनीही नाही. पोते मात्र ठेवून घेतले गेले. ते केव्हा निघून गेले हे मला दिसले नाही, कारण तेव्हा मी कावळ्याकडे पाहत होतो.

आपल्या आठवणीत हे असे काही असेल तर तेही लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : चाळकरी

मी लालबागचा. आमच्या चाळीत त्या दिवशी क्रिकेट ऐकणे चालले होते. आपला संघ पाकिस्तानात होता, सियालकोटला एकदिवसीय सामना होता आणि दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद होते. शतकाची वाट पाहत सगळा मजला एका ट्रान्झिस्टरभोवती बसला असताना सामना थांबल्याचे कळले, आणि कारण कळल्यावर तो ट्रान्झिस्टर त्याच्या मालकाने उलटा करून ठेवला, जणू चूक त्याचीच होती. दौराच रद्द झाला.

आपण आजीबद्दल लिहिले ते वाचून मला आमच्या चाळीतला वेगळा पेच लिहावासा वाटतो. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाने आमच्या घरातला पगार कायमचा बंद झाला होता. दिल्लीने गिरणी कामगारांकडे पाठ फिरवली, हे आमच्याकडे लहान मूलही सांगत असे. तरीही त्या संध्याकाळी नाक्यावर फळीवर तसबीर ठेवली गेली, समई लागली, आणि जी माणसे दोन वर्षे बाईंच्या सरकारला शिव्या देत होती तीच रांगेने येऊन फूल वाहत होती. माझे वडील फूल वाहून आले आणि म्हणाले की भांडण जिवंत माणसाशी असते. डिसेंबरच्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असताना आमच्या दक्षिण मध्य मुंबईने त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना लोकसभेवर पाठवले. बाहेरच्यांना यात विसंगती दिसते, आम्हाला तेव्हाही दिसली नव्हती आणि आजही दिसत नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉक्टरसाहेबांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा त्याच नाक्यावर तीच समई काढली होती.

प्रतिसाद : भीमाखोरे

आमचे गाव खेड तालुक्यात. पुण्याजवळ असल्याने आमच्याकडे दूरदर्शन दिसत असे, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कृष्णधवल संच होता. ३ नोव्हेंबरला, शनिवारी, अंत्यसंस्काराचे थेट प्रक्षेपण होते. खोलीत माणसे मावेनात म्हणून संच टेबलासकट उचलून ओट्यावर आणला आणि एक पोरगा अँटेना धरून कौलांवर बसला. वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या बायकांनी ओट्याच्या खाली चपला काढून ठेवल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. तोफगाड्यावरून पार्थिव निघाले तेव्हा पडद्यावर मुंग्या आल्या, आणि कौलांवरच्या मुलाला कोणी ओरडले नाही. एक आजोबा हलक्या आवाजात त्याला “जरा डावीकडे, बाळा” एवढेच म्हणत होते. राजीव गांधींनी अग्नी दिला त्या क्षणी ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली. अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच दूरदर्शन पाहिले होते, आणि कितीतरी दिवस त्यांच्यासाठी त्या पेटीचा अर्थ तोच राहिला.

प्रतिसाद : दिल्लीनिवासी

मी हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. आपण सर्वांनी ज्याला दुखवटा म्हटले आहे तो शब्द मला त्या दिवसांसाठी वापरता येत नाही.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी घरांत राहत होतो. एम्स रुग्णालय तेथून जवळ. बुधवारी संध्याकाळी मी महाविद्यालयातून परतत असताना बस अलीकडेच थांबवली गेली. बाहेर जमाव होता आणि तो गाड्यांत डोकावून पगड्या शोधत होता. त्याच सुमारास एम्सजवळ राष्ट्रपती झैलसिंग यांच्या ताफ्यावरही दगडफेक झाली. माझ्या समोरच्या बाकावर एक वयस्कर सरदारजी बसले होते. त्यांना खाली ओढले तेव्हा त्यांच्या हातातली जेवणाच्या डब्याची पिशवी बाकावरच राहिली. मी बसमधून उतरून चालत घरी गेले. ती पिशवी मी उचलायला हवी होती की तशीच राहू द्यायला हवी होती, याचा निर्णय माझ्याकडून अजून झालेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शीख कुटुंब होते. रात्री माझ्या वडिलांनी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकाने त्यांच्या दारावरच्या पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी आमच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. ते तिघे जण तीन रात्री आमच्याकडे होते. घरात दूरदर्शन चालू होते, कारण ते बंद ठेवले तर शेजाऱ्यांना संशय येईल अशी भीती होती. तीन मूर्ती भवनात दर्शनाच्या रांगा होत्या, लोक ढसाढसा रडत होते, आणि त्याच रडण्यातून “खून का बदला खून” ही घोषणा पडद्यावर स्पष्ट ऐकू येत होती. तीच घोषणा खिडकीतूनही येत होती. माझी आई इंदिराबाईंना मानणारी होती. तिला रडू येत होते आणि आपल्या घरात लपलेल्या माणसांसमोर रडावे कसे, हे तिला समजत नव्हते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंनीच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दोघी एकत्र रडल्या.

त्रिलोकपुरी, सुलतानपुरी, मंगोलपुरी येथे काय घडले ते आम्हाला नंतर कळले. सरकारी मोजणीनुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. त्यांचे दहावे कोणत्या नदीवर झाले, हे आपल्या धाग्याच्या निमित्ताने विचारावेसे वाटते. विचारण्यात आपल्या गावाला बोल लावण्याचा हेतू नाही. आपल्या गावाने निदान हात उगारला नाही.

धागाकर्ता : गिरणाकाठ

ताई, आपण लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. बोल लावला असता तरी तो मला मान्य होता. हात उगारला नाही हे खरे आहे; आपल्या वडिलांनी पाटी काढली आणि माझ्या वडिलांनी नजर वळवली, या दोन्हींतले अंतर मला आज वाचताना पहिल्यांदाच इतके स्पष्ट दिसले. वडील आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. त्यांनी त्या प्रसंगाचा उल्लेख आयुष्यात कधी केला नाही, आणि ते विसरभोळे नव्हते.

प्रतिसाद : कृष्णाकाठी

सातारा जिल्ह्यातून लिहितो. आमच्या घरी ती बातमी आली तेव्हा माझ्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो बाई कशा आहेत हा नव्हता. त्यांनी विचारले, “मारणारा कोण?” मला तो प्रश्न तेव्हा निर्दय वाटला होता.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, मारेकरी पुण्याचा ब्राह्मण असल्याचे कळले, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. आमचा वाडा त्यांत गेला. आजोबा स्वतः खादी वापरत, गांधीजींसाठी त्यांनी उपवास धरला होता, आणि त्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जळत्या घरातून आईला पाठीवर घेऊन बाहेर पडावे लागले. गांधीजींसाठी रडायचे राहूनच गेले, असे ते म्हणत. मारेकऱ्याची जात कळेपर्यंतचे काही तास कसे असतात, हे त्यांना माहीत होते.

१९८४ साली आमच्या गावात ट्रकचे सुटे भाग विकणारे एकच शीख दुकान होते. १ नोव्हेंबरला सकाळी आजोबा स्नान करून, स्वच्छ धोतर नेसून त्या दुकानात गेले आणि संध्याकाळपर्यंत गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. मी त्यांना दुपारी डबा नेऊन दिला. दुकान उघडे होते, गिऱ्हाईक नव्हते, रेडिओवर भजने चालली होती आणि दोघेही काही बोलत नव्हते. त्यांनी डब्यातली एक पोळी मोडून अर्धी सरदारजींपुढे ठेवली. असे ते चार दिवस गेले.

प्रतिसाद : बार्देशवासी

गोव्यातली आठवण लहानशी आहे. २ नोव्हेंबरला शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस, आणि ख्रिस्ती बांधवांच्या पंचांगात तो मृतांच्या स्मरणाचा दिवस. बाजार भरला नाही. चर्चच्या दफनभूमीत दरवर्षीप्रमाणे कबरींवर मेणबत्त्या लागल्या, आणि आमच्या शेजारच्या मावशींनी आपल्या नवऱ्याच्या कबरीवर एक मेणबत्ती जास्तीची लावली. कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर १९८३ मध्ये, राष्ट्रकुलाचे नेते गोव्यात विश्रांतीसाठी आले होते, तेव्हा यजमान म्हणून आलेल्या इंदिराबाईंना मावशींनी रस्त्याकडेला उभे राहून पाहिले होते आणि त्यांनी आपल्याकडेच पाहून हात हलवला, असे त्या शेवटपर्यंत सांगत.

प्रतिसाद : फाट्यावरून

गिरणाकाठ, आपण गावाचे नाव लिहिले नाही, पण मी ते ओळखले. मी शेजारच्या गावचा, त्या दिवशी नदीवर होतो आणि आपल्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. एक दुरुस्ती सुचवतो. पोलीसपाटील हात जोडून बोलले हे खरे, परंतु कावळा त्याआधी आला होता. एका पिंडाला शिवला, उडाला आणि मग बराच वेळ दुसरा आलाच नाही, म्हणून ते पुढे झाले. आमच्या घरी याच्यावरून अजून वाद होतो, तेव्हा आपली आठवण चुकीची आहे असे मी ठामपणे म्हणत नाही.

सरदारजींबद्दल मात्र मला अधिक माहिती आहे, कारण आमचे शेत फाट्याला लागून होते. त्यांचा धाकटा भाऊ दिल्लीला टॅक्सी चालवत असे. तो १ नोव्हेंबरला मारला गेला. त्याची तार फाट्यावरच्या टपालात ५ किंवा ६ तारखेला आली, आणि टपालवाल्याने ती आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईला वाचून दाखवली, कारण ती एकट्याने नेऊन देण्याचा धीर त्याला होत नव्हता. म्हणजे ते तांदळाचे पोते घेऊन नदीवर आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात सुतक होते. आपल्या गावात ते कोणाला माहीत नसावे. माझ्या आईला माहीत होते, आणि ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून गप्प राहिली.

त्याच तांदळाचा भात तेराव्याच्या पंगतीला शिजला. त्या दिवशी संध्याकाळी आईने घरी वेगळे पिठले केले, चार भाकरी थापल्या, ताटावर फडके झाकले आणि मला कंदील घेऊन सोबत चल म्हणाली. ढाब्याला कुलूप होते. मागच्या बाजूला खाटा उभ्या करून ठेवलेल्या होत्या, भट्टीतली राख काढून जागा सारवलेली होती, आणि दुधाच्या हिशेबाचे उरलेले पैसे एका फडक्यात बांधून, गवळ्याचे नाव लिहून, खिडकीच्या गजाला अडकवलेले होते. आईने ते ताट ओट्यावर ठेवले, थोडा वेळ उभी राहिली आणि फडके नीट खोचून आम्ही परत आलो. ताट आणायला मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते तसेच झाकलेले होते.